लॅपटॉप आपला, संमती कुणाची?

बारावीचे निकाल लागले की ऑगस्टपर्यंत मला दर आठवड्याला दोन-तीन फोन ठरलेले असतात. "लॅपटॉप घ्यायचाय, कुठला घेऊ?" मी कंपनीचं नाव सहसा सांगत नाही. कोर्स विचारतो, बजेट विचारतो आणि प्रोसेसर, रॅम, एसएसडी असे तीन आकडे लिहून देतो. पण इतक्या वर्षांत एकानेही असं विचारलं नाही की घरी आणल्यावर पहिल्या दिवशी काय करू? मंडळी, खरा घोळ त्या पहिल्या दिवशीच होतो. ही पोस्ट त्याबद्दल आहे. लांबलीय, सवडीने वाचा.

आधी आमच्या गल्लीतल्या एका डिप्लोमाच्या मुलाचं सांगतो. वडिलांनी हौसेने लॅपटॉप घेऊन दिला, दुकानदाराने "सेटअप करून देतो" म्हणून तासाभरात सगळं तयार करून दिलं. सेटअपला ईमेल लागतो. पोराचा ईमेल कुणी विचारला नाही, दुकानातल्या कामगाराने दुकानाचाच एक ईमेल टाकला. वर्षभर काही अडलं नाही. मग अंतिम वर्षाच्या सबमिशनच्या आठवड्यात बायोसचं अपडेट आलं, लॅपटॉप बंद होऊन चालू झाला आणि समोर निळा पडदा: ४८ आकडी रिकव्हरी की टाका.

हे काय असतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या वेळी तुमच्याही घरात होऊ शकतं. हल्लीच्या विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. सोय चांगली आहे. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला आतलं काही वाचता येत नाही. त्या कुलपाची किल्ली, म्हणजे हा ४८ आकडी नंबर, ज्या खात्याने पहिल्यांदा लॉगिन केलं त्या खात्यात जमा होतो. इथे खातं दुकानाचं. ते ज्याने उघडलं होतं तो पोरगा नोकरी सोडून गेलेला, पासवर्ड कुणाला माहीत नाही. शेवटी डिस्क पुसावी लागली. प्रोजेक्ट गेला, आजीचे फोटो गेले. त्याचे वडील मला म्हणाले, "पैसे आमचे, आणि किल्ली दुकानाची?"

त्यामुळे यंदा भाचीचा लॅपटॉप घ्यायची वेळ आली तेव्हा मी एकच अट घातली. कुठलाही घ्या, पण सेटअप घरी करायचा.

भाचीला डिझाइनच्या कोर्सला प्रवेश मिळालाय. त्यांना थ्रीडी सॉफ्टवेअर चालवायचं असतं, त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि मध्यमवर्गाच्या बजेटमध्ये असं कार्ड ज्यात मिळतं तो लॅपटॉप बाजारात 'गेमिंग लॅपटॉप' नावानेच विकला जातो. हे नाव ऐकून दाजी भडकले. कराडजवळ शेती, उसाचं बिल नुकतं जमा झालेलं. "पाव्हणं, गेमिंग म्हंजे खेळायचाच की! त्यासाठी ऐंशी हजार?" त्यांना समजावायला अख्खी संध्याकाळ गेली. पत्रे ओढायला घेतलेल्या टेम्पोतून वऱ्हाडही जातं, तसं समजा, असं म्हटल्यावर थोडं पटलं. अर्धे रोख, उरलेले हप्त्यांवर, असं ठरलं.

दुकानदाराने नेहमीचं पॅकेज सांगितलं: पाचशे रुपयांत सेटअप, ऑफिस टाकून देतो, अँटिव्हायरस चालू करून देतो. हे "ऑफिस टाकून देतो" म्हणजे बहुतेक वेळा चोरीचं असतं, हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. आम्ही सांगितलं, खोका तुमच्यासमोर उघडा, चालू होतो का बघू, पडदा-कीबोर्ड बघू, आणि पहिल्या पडद्यावरच बंद करून द्या. त्याचा चेहरा जरा पडला. "घरी काही अडलं तर मग आमच्याकडे आणू नका." ठीक आहे म्हटलं.

रविवारी सकाळी अकराला बसलो. मी कीबोर्डला हात लावणार नव्हतो. भाचीने प्रत्येक पडदा वाचायचा आणि काय विचारतोय ते मोठ्याने मराठीत सांगायचं, मगच बटण दाबायचं. दाजी शेजारी खुर्ची टाकून. ताई येऊन-जाऊन.

पहिला प्रश्न, तुमचा देश कुठला? भाचीने इंडिया निवडलं. या साध्या प्रश्नाकडे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा. मग कीबोर्ड, मग इंटरनेट. दाजींच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, त्यावर रोजचा दोन जीबी डेटा. मग आला करार. लांबच लांब इंग्रजी मजकूर, खाली 'ॲक्सेप्ट'.

"काय लिवलंय?" दाजींनी विचारलं.

भाची खाली खाली सरकवत राहिली. "बाबा, खूप आहे. सगळे ॲक्सेप्टच करतात."

"सोसायटीच्या कर्जाचा कागद मी तीन दिवस घरी आणून ठेवलावता. मास्तरांकडनं वाचून घेतला, मग सही केली."

मला हसू आलं, पण ते बरोबर बोलत होते. दुसरी-तिसरीपर्यंत शिकलेल्या माणसालाही सहीची किंमत कळते. आपण शिकलेले लोक दिवसाला पाच सह्या न वाचता करतो. आणि तसंही, करार वाचून नको वाटला तर पुढे काय? पैसे भरून झालेत, खोका उघडलाय. नकाराचं बटण दाबायला जागाच नव्हती.

मग खातं. ते भाचीच्या नावाने, तिच्याच ईमेलवर, तिच्याच मोबाइल नंबरवर उघडलं. मग खासगीपणाचे प्रश्न आले. तुमचं ठिकाण ॲप्सना कळू द्यायचं का, हरवला तर शोधता यावा का, वापराची जास्तीची माहिती पाठवायची का, तुम्ही काय टाइप करता त्यावरून सुधारणा करू द्यायच्या का, जाहिराती तुमच्या आवडीप्रमाणे दाखवायच्या का. भाचीने एकेक मराठीत सांगितलं. "हरवला तर शोधता यावा" हे ताईने ठेवायला लावलं. बाकीच्यांना दाजींनी मान हलवून नाही म्हटलं. शेवटचा ऐकून ते म्हणाले, "जाहिरात बघायचे पैसे आपण द्यायचे व्हय?" इतकं स्पष्ट मला गेल्या दहा वर्षांत कुठल्या चर्चासत्रात ऐकायला मिळालेलं नाही.

यानंतर लॅपटॉपच्या कंपनीचा स्वतःचा पडदा. नाव, ईमेल, फोन द्या, वॉरंटी नोंदवा. ठीक. पण त्याखाली बारीक अक्षरांत एक चौकोन, आणि त्यात आधीच बरोबरची खूण: आमच्या भागीदार कंपन्यांकडून ऑफर येऊ द्या. भागीदार कोण, किती, कुठले, काही नाही. खूण काढली. डेस्कटॉप दिसायला पावणेएक झाला.

आता आत कोण कोण आधीच राहायला आलंय ते बघायचं होतं. सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात इन्स्टॉल्ड ॲप्स. भाचीने वहीत नावं उतरवली, तीन रकाने केले: हे काय आहे, कुणाचं आहे, आपल्याला लागतं का. विंडोजची स्वतःची सोडून एकोणीस नावं निघाली. जेवणं राहिली बाजूला.

त्यातली काही खरोखर लागतात. ग्राफिक्स कार्डचं ड्रायव्हर लागतं. आवाजाचं लागतं. आणि गेमिंग लॅपटॉपमध्ये कंपनीचं एक कंट्रोल सेंटर असतं, त्यातून पंख्याचा वेग ठरतो, शांत-मध्यम-जोरात असे मोड बदलतात, बॅटरी ऐंशी टक्क्यांवर थांबवता येते. हे काढलं तर यंत्राचं निम्मं मोल जातं. उन्हाळ्यात कराडला पत्र्याच्या खोलीत हा लॅपटॉप थ्रीडीचं काम करणार असेल तर पंख्यावर ताबा हवाच. पण त्याच कंट्रोल सेंटरमध्ये एक पान 'बातम्या' नावाचं, एक पान 'डील्स' नावाचं, आणि उघडलं की लॉगिन करा म्हणून विनवणी. पंख्याचा वेग वाढवायला माझा ईमेल कशाला लागतो? कीबोर्डखालचे रंगीत दिवेही त्यातूनच चालतात. ते मात्र ताईला फार आवडले, गणपतीत आरासच करायला नको म्हणाली.

उरलेलं? अँटिव्हायरसची तीस दिवसांची चाचणी. एका दुसऱ्याच कंपनीचं 'संगणक वेगवान करा'. फाइल ठेवायच्या दोन वेगवेगळ्या सेवा. गेम्सच्या वर्गणीची फुकट ऑफर. खरेदीच्या एका संकेतस्थळाचं आयकॉन. स्टार्ट मेन्यूमधली काही चित्रं तर नुसती पाटी होती, दाबलं की ॲप त्यानंतर डाउनलोड होणार. दाजींचा दोन जीबी खायला बसलेली.

अँटिव्हायरस काढताना भाचीची खरी परीक्षा झाली. काढा म्हटल्यावर पडदा आला: तुमचा संगणक असुरक्षित होईल. मोठं रंगीत बटण 'संरक्षण ठेवा'चं, आणि 'काढा' हे करड्या रंगात, शाईच संपल्यासारखं. ते दाबल्यावर दुसरा पडदा, का काढताय? मग तिसरा, थांबा, निम्म्या किमतीत घ्या. मग चौथ्यावर रीस्टार्ट. भाची म्हणाली, "मामा, हे लग्नाला नाही म्हणण्यापेक्षा अवघड आहे." ताईने तिच्याकडे बघितलं.

इथे एक गोष्ट नीट सांगतो, कारण यावरच लोक घाबरतात. विंडोजमध्ये स्वतःचा अँटिव्हायरस असतोच, डिफेंडर. दुसरा बसवलेला असतो तोवर तो बाजूला होतो, आणि दुसरा काढला की आपोआप परत कामाला लागतो. घरच्या वापराला तो पुरतो, असं माझं मत. "तुमचा संगणक धोक्यात" ही तीस दिवसांनंतरची भीती मी एका गावच्या वाचनालयातही बघितलीय. तिथल्या ताई दर वर्षी घाबरून नूतनीकरणाचे पैसे भरत होत्या. पुस्तकांच्या खरेदीतून.

गेम्सच्या वर्गणीचं आणखी वेगळं. पहिला महिना फुकट, पण कार्ड किंवा यूपीआय आधी जोडा. म्हणजे दुसऱ्या महिन्यापासून पैसे आपोआप कटणार. आपोआप कापायच्या आधी किमान २४ तास ग्राहकाला कळवलं पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मेसेज येतोही. येतो इंग्रजीत, बापाच्या फोनवर, दिवसाच्या तीस जाहिरातींच्या मेसेजमध्ये.

दोनला डेटा संपला. विंडोजची अपडेट मागे चालूच होती. हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करावं, बहुतेक अपडेट थांबतात. मग महिन्यातून एकदा कुणाच्या तरी वायफायवर जाऊन ती करून घ्यायची, पण करायचीच. अपडेट टाळणं हा उपाय नाही.

हे सगळं लॅपटॉपमध्ये येतं कुठून? उत्तर सोपं आहे, पैशातून. लॅपटॉप बनवणाऱ्यांचा नफा पातळ असतो, स्पर्धा जोरात. मग ज्या सॉफ्टवेअर कंपनीला नव्या गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर बसायचंय ती जागेचं भाडं देते, किंवा नूतनीकरण झालं की वाटा देते. थोडक्यात, आपण विकत घेतलेल्या घराच्या भिंती बिल्डरने आधीच जाहिरातींना भाड्याने दिल्यात. आणि हे जुनं आहे. २००८ साली सोनीने अमेरिकेत तिच्या काही वायो लॅपटॉपबरोबर 'फ्रेश स्टार्ट' नावाचा पर्याय ठेवला होता: आधीपासूनची ही सॉफ्टवेअर नकोत तर सुमारे ५० डॉलर जास्त द्या. कचरा न टाकण्याचे पैसे! ओरड झाल्यावर सोनीने ते शुल्क लगेच मागे घेतलं.

पण नुसता कचरा असता तर मी इतकं लिहिलं नसतं. २०१४ च्या उत्तरार्धात लेनोव्होने तिच्या अनेक घरगुती लॅपटॉपमध्ये सुपरफिश कंपनीचं सॉफ्टवेअर टाकून विकलं. काम काय, तर तुम्ही ब्राउझरमध्ये काही बघत असाल तर तशाच वस्तूंच्या जाहिराती मध्ये घुसवणं. बँकेच्या किंवा ईमेलच्या पानावर कुलपाचं चिन्ह असतं ना, त्या सुरक्षित पानांतही घुसता यावं म्हणून त्याने स्वतःचं एक प्रमाणपत्र लॅपटॉपमध्ये बसवलं होतं. म्हणजे बनावट शिक्का मारून पाकीट उघडायचं, वाचायचं आणि परत चिकटवायचं. त्यावर कहर असा की सगळ्या लॅपटॉपमध्ये त्या शिक्क्याची किल्ली एकच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघडकीस आलं आणि एका सुरक्षा संशोधकाने ती किल्ली काढूनही दाखवली. म्हणजे रेल्वे स्टेशनच्या फुकट वायफायवर शेजारी बसलेल्या चोरालाही ती वापरता आली असती. अमेरिकी सरकारने हे सॉफ्टवेअर काढून टाका असा इशारा दिला. २०१७ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने आणि ३२ राज्यांनी लेनोव्होशी समझोता केला. राज्यांना ३५ लाख डॉलर, आणि यापुढे असलं सॉफ्टवेअर आधीच टाकायचं तर ग्राहकाची स्पष्ट संमती आधी घ्यायची, अशी अट.

"मग फॉरमॅट मारून कोरी विंडोज टाका," असा सल्ला कॉलेजची पोरं देतात. चालतं, पण दोन गोष्टी माहीत असू द्या. एक, गेमिंग लॅपटॉपमध्ये पंख्याचं कंट्रोल आणि ड्रायव्हर परत शोधून बसवावे लागतात. दोन, काही लॅपटॉपमध्ये कंपनीचा प्रोग्राम डिस्कवर नसतोच, तो मदरबोर्डच्या चिपमध्ये असतो आणि कोऱ्या विंडोजमध्येही परत उगवतो. विंडोज ८ पासून तशी वाटच ठेवलेली आहे. चोरीला गेलेला लॅपटॉप पुसला तरी शोधणारा प्रोग्राम टिकावा, हा तिचा चांगला उपयोग. २०१५ मध्ये लेनोव्होचा असाच एक प्रोग्राम सापडला, त्यात सुरक्षेची फट निघाली आणि कंपनीला बायोसचं अपडेट देऊन तो काढावा लागला. हल्ली काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये हे बंद करायचा पर्याय असतो. गवत कापून उपयोग नाही, हरळीच्या काशा उपटाव्या लागतात, हे दाजींना लगेच कळलं.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. तुमचा देश कुठला?

युरोपीय संघाने डिजिटल मार्केट्स ॲक्ट नावाचा कायदा केला. त्यातली बंधनं मोठ्या कंपन्यांना मार्च २०२४ पासून लागू झाली. त्यात एक साधं कलम आहे: यंत्राला अगदी आवश्यक नसलेलं, आधीच बसवलेलं ॲप वापरणाऱ्याला सहज काढता आलं पाहिजे. त्यामुळे तिथल्या विंडोजमध्ये एज ब्राउझर काढता येतो, सर्चमधलं बिंग काढता येतं. आणि लॅपटॉप युरोपातला आहे की नाही हे विंडोज ठरवते ते सेटअपच्या वेळी निवडलेल्या देशावरून. म्हणजे त्याच कारखान्यातून निघालेलं यंत्र, तीच विंडोज. एखाद्या मराठी पोरीने ते म्युनिकला उघडून जर्मनी निवडलं तर तिला काढायचं बटण मिळतं, कराडला इंडिया निवडलं तर मिळत नाही. तांत्रिक अडचण काहीच नाही. कायद्याने भाग पाडलं तिथे बटण आलं.

आपल्याकडे काय झालं? काहीच झालं नाही असं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ ला अँड्रॉइड फोनच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. त्या आदेशात दंडापेक्षा मोलाची एक ओळ होती: आधीच बसवलेली ॲप्स वापरणाऱ्याला काढता आली पाहिजेत. २९ मार्च २०२३ ला अपिलात राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि काही निर्देश रद्द केले. रद्द झालेल्यांत ही ॲप्स काढण्याची ओळ होती. पेपरात मथळा दंडाचा आला. हक्क गेल्याचा मथळा मी तरी बघितला नाही.

आणि सरकार? २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागाने मोबाइल कंपन्यांना सांगितलं की नव्या फोनमध्ये 'संचार साथी' ॲप आधीच बसवा, त्याच्या सुविधा बंद करता येऊ नयेत. देशभर गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला सरकारने ही सक्ती मागे घेतली. माझं म्हणणं स्पष्ट सांगतो, म्हणजे कमेंटमध्ये दोन्ही पक्षांच्या लोकांना सोयीचं होईल. ॲप उपयोगाचं आहे, हरवलेला फोन ब्लॉक करायला मीच लोकांना सुचवतो. आक्षेप न काढता येण्याला होता. कंपनीने केलं तर लूट आणि सरकारने केलं तर सुरक्षा, असं म्हणायला मी तयार नाही. उलटही नाही.

लॅपटॉपच्या बाबतीत आपल्याकडे अजून असा आदेशच नाही. जे आहे ते कडेकडेने. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न्स' रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहकाला फसवणाऱ्या १३ युक्त्यांची यादीच त्यात आहे: पुन्हा पुन्हा टोचत राहणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं, हवं ते बटण दिसू न देणं. ती यादी वाचताना मला अँटिव्हायरसचे ते चार पडदे आठवत होते. तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पडद्याचा फोटो काढून ठेवा, नुसत्या तोंडी तक्रारीला वजन येत नाही.

आणि भाषेचं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा म्हणतो की संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कारणासाठी, समजून दिलेली असली पाहिजे. तिची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय दिला पाहिजे, असंही म्हणतो. त्या अनुसूचीत २२ भाषा आहेत, मराठी आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण संमतीच्या तरतुदी प्रत्यक्ष लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिलीय. विंडोजला मराठी येते. पडदा मराठी करता येतो, मराठी फोनेटिक कीबोर्ड २०१९ पासून आहे. पण त्या रविवारी बापाच्या पैशाच्या यंत्रावर दिलेली एकही संमती बापाच्या भाषेत मागितली गेली नाही. भाचीने भाषांतर केलं म्हणून दाजींना कळलं. ज्या घरात अशी भाची नाही तिथे?

मराठी पाट्यांसाठी आपण रस्त्यावर आलो, योग्यच केलं. दुकानाच्या पाटीवर फक्त दुकानाचं नाव असतं. या पडद्यावर आपण सही करतो. मुदत संपेल तेव्हा मराठी पर्याय खरंच दिसतोय का, हे बघणारी चार माणसं प्रत्येक तालुक्यात हवीत. आमदार-खासदारांना लग्नात भेटता तेव्हा हेही विचारा.

दुकानदाराची बाजूही मांडतो, नाहीतर अन्याय होईल. ऑनलाइन सेलमुळे त्याच्या हातात फार काही उरत नाही. सेटअपचे पाचशे हीच त्याची कमाई, आणि गिऱ्हाईकच म्हणतं, "तुम्हीच करा, आम्हाला कळत नाही." मग त्याने पाचशे घ्यावेत, पण खातं गिऱ्हाईकाच्या ईमेलवर, गिऱ्हाईकासमोर उघडावं, आणि त्यातली रिकव्हरी की कागदावर छापून पावतीला टाचून द्यावी. पाच मिनिटांचं काम आहे. असं करणारे दुकानदार आहेत, त्यांना पैसे द्या.

ज्यांचा लॅपटॉप आधीच दुकानाच्या ईमेलवर चालू आहे त्यांनी आज रात्री सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडून बघा, कुणाचं नाव दिसतंय. दुसऱ्याचं असेल तर आधी महत्त्वाच्या फाइल पेनड्राइव्हवर घ्या. मग स्वतःच्या खात्याने ॲडमिनिस्ट्रेटर व्हा आणि रिकव्हरी की नव्याने जपून ठेवा. की दुसऱ्या कुठे ठेवा, त्याच लॅपटॉपमध्ये नाही. नवीन घेणाऱ्यांनी काहीही काढायच्या आधी ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्ह करून घ्यावा, म्हणजे चुकून ड्रायव्हर उडाला तरी परत येता येतं. आणि ५१२ जीबीच्या ठिकाणी ४७६ दिसतात म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने, एवढाच तो फरक.

भाचीच्या वहीतल्या एकोणीसपैकी आठ राहिली, अकरा गेली. ती वही आता तिच्या वर्गातल्या मुली फोटो काढून फिरवतायत. कुणाला हवी असेल तर मेसेज करा, पाठवतो. मात्र तुमच्या लॅपटॉपची नावं वेगळी असतील, त्यामुळे यादी आंधळेपणाने वापरू नका, तीन रकाने वापरा. आणि कराड, सातारा, पाटण भागात कुणाला बिलावर "सेटअप न करता दिला" असं लिहून घ्यायला दुकानदार नकार देत असेल तर दुकानाचं नाव कमेंटमध्ये टाकू नका, मला इनबॉक्समध्ये सांगा. आधी जाऊन बोलू.